गाडीच्या पुढच्या ब्रेक डिस्क : प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

गौरी-गणपती उरकून काल पोलादपूरकडच्या गावाहून वाईला परतलो. आंबेनळी घाट चढणीचा, तिथे ब्रेकला फार काम नव्हतं. पाचगणी सोडून पसरणी घाट उतरायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणापासून ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग थरथरायचं. खाली येईपर्यंत थरथर एवढी वाढली की मागे बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "टायर बसलं की काय गं?" पायाखाली पेडलही धडधडत होतं. गाडीत पाच माणसं, डिकीत नारळ आणि तांदळाचं पोतं. घरी आले तरी हात थरथरताहेत असं वाटत होतं.

हा त्रास नवा नाही. गेल्या डिसेंबरात एका गॅरेजमध्ये "डिस्क वाकल्यात" म्हणून दोन्ही डिस्क, म्हणजे पॅड ज्यांना चिमटतात त्या ब्रेकच्या थाळ्या, लेथवर फेसिंग करून (तोंडं सपाट करून) बसवून दिल्या होत्या. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. मे महिन्यात, साधारण सहा हजार किलोमीटरनंतर, थरथर हळूच परत आली. तेव्हा मी "रस्ता खराब आहे" म्हणून सोडून दिलं. ते चुकलंच.

या वेळी आधी मापं घ्यायची, मग पैसे खर्च करायचे. त्यासाठीच ही वही.

१५ सप्टेंबर, रविवार

सकाळी रहदारी कमी असताना सुरूर फाट्यावरून पाचवडपर्यंत हायवेला दोनदा गेले. ब्रेक न लावता ८० ला गाडी शांत, म्हणजे चाकाच्या बॅलन्सिंगचा प्रश्न नाही. ब्रेक हलका दाबला की थरथर सुरू, आणि ती मुख्यतः स्टिअरिंगमध्ये. म्हणजे दोष पुढच्या चाकांत. आमच्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. मागचा ड्रम लंबगोल झाला असता तर ती धडधड हातांत नाही, सीटखाली जाणवली असती. हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात, त्याचं बटण दाबून धरून नुसता हँडब्रेक ओढून पाहिला. काही थरथर नाही. मागची बाजू सुटली.

दुपारी लेकीला गणित घातलं. अकरावीत कार्य आणि ऊर्जा चालू आहे तिचं. गाडी नि माणसं मिळून १२०० किलो, पाचगणी ते वाई उतार जवळपास ५७० मीटर. तिने मांडलं: १२०० गुणिले ९.८ गुणिले ५७०, म्हणजे ६७ लाख ज्यूल. ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. पाणी तापवायचं म्हटलं तर एक मोठा हंडा, २१ लिटर, साध्या पाण्यापासून उकळीपर्यंत येईल. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर बरीचशी इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये उतरलं तर हवेच्या आणि टायरच्या विरोधात थोडी जाते, बाकी जवळजवळ सगळा हंडा त्या ब्रेकवर, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन थाळ्यांवर, कारण ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना उंचीचा फरक याच्या दुप्पट आहे. ती म्हणाली, "आई, आपण दर वर्षी दोन हंडे उकळत गावाला जातो." मला हे गणित आधी सुचायला हवं होतं.

२१ सप्टेंबर, शनिवार

शेजारचे काका आयटीआयमध्ये शिकवायचे. त्यांच्याकडून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. (कोविडच्या काळातला कपाळावर धरायचा नव्हे, कारखान्यातला.) एकटीच पाचगणीपर्यंत जाऊन आले, खाली उतरल्यावर लगेच मोजलं.

उजवी डिस्क २१४ अंश, डावी १४९.

चकचकीत धातूवर हे यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, त्यामुळे आकड्यावर फार विसंबायचं नाही. पण दोन्हीकडे धातू तोच, मोजायची रीत तीच, आणि फरक ६५ अंशांचा. उजवीकडचा ब्रेक कुठेतरी अडकून राहतोय.

घाट उतरल्यावर वॉशिंग सेंटरला गाडी लावून चाकांवर पाण्याचा फवारा मारून घेणारे खूप जण पाहिले आहेत. एवढ्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी, मी ते पुन्हा कधी करणार नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आजचा अख्खा दिवस गेला, पण नोंद सविस्तर करते.

अंगणातल्या सपाट फरशीवर गाडी, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा, जॅकवर उचलून खाली स्टँड. नुसत्या जॅकवर काम करायचं नाही, हे काकांनी दोनदा बजावलं. ब्रेकची काळी धूळ फुंकर मारून किंवा हवेने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यायचं. मास्क लावला होता.

उजवं चाक काढलं. कॅलिपर (पिस्टनने पॅडं डिस्कवर दाबणारा चिमटा) ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो त्यांतली वरची पिन हाताने हलेना. रबरी टोपी फाटलेली, आत ग्रीस सुकून डांबर झालेलं, पिनेवर गंज. कॅलिपर सरकत नसला की पिस्टनच्या बाजूचं पॅडच सगळं काम करतं आणि पेडल सोडलं तरी पूर्ण मागे येत नाही. पुरावा समोरच होता: आतलं पॅड ३ मिलिमीटर उरलेलं, बाहेरचं ७. बाहेरून चाकाच्या जाळीतून डोकावणाऱ्याला हे बाहेरचंच पॅड दिसतं. "पॅड भरपूर आहेत मॅडम" असं मला वर्षभर सांगितलं गेलं ते यामुळे.

कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला. होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटतो.

मग जाडी. डिस्कच्या कडेला कास्टिंगमध्येच किमान जाडी कोरलेली असते, गंज घासल्यावर आमच्या डिस्कवर १८ मिलिमीटर दिसलं. नवी असताना २०. व्हर्नियर इथे फसवतो: पॅड जिथे घासत नाही तिथे बाहेरच्या काठाला एक उंचवटा राहतो, व्हर्नियरचे जबडे त्यावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही बाजूंना रुपयाची सारखी दोन नाणी धरून मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची, ही युक्ती काकांची. त्यातून डिस्क संपत आली का ते कळतं. थरथरीचं कारण मात्र त्याने सापडत नाही, कारण तिथे प्रश्न शतांश मिलिमीटरचा असतो. म्हणून नऊशे रुपयांचा मायक्रोमीटर घेतला.

डिस्कवर खडूने आठ खुणा केल्या, काठापासून १० मिलिमीटर आत.

उजवी: १८.६३, १८.६२, १८.६१, १८.५९, १८.५८, १८.५९, १८.६१, १८.६३.
डावी: १९.०५, १९.०४, १९.०४, १९.०३, १९.०४, १९.०५, १९.०५, १९.०४.

उजवी एकाच फेरीत ०.०५ ने पातळ-जाड होते. डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढा फरक, डोळ्याला दिसणं शक्य नाही. पण ०.०१५ च्या आसपास गेलं तरी पायाला जाणवायला लागतं. पातळ जागा आली की पॅड सैल होतं, जाड जागा आली की पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेक ऑइलमधून तो धक्का पेडलपर्यंत येतो. ८० च्या वेगाला चाक सेकंदाला बारा फेऱ्या मारतं. पायाखाली धडधडत होतं ते हेच.

म्हणजे डिस्क वाकलेली नाही. ती एका जागी झिजलेली आहे. आता प्रश्न: एकाच जागी का झिजली?

संध्याकाळी काका डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड घेऊन आले. चाक काढलं की डिस्क सैल होते, म्हणून चारही नटांखाली वॉशर घालून ती हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागावर) आवळली. आधी बेअरिंगला खेळ नाही ना ते पाहिलं. मग डायलची सुई काठाजवळ टेकवून हळूहळू फिरवलं. सुई ०.१३ मिलिमीटर नाचली. या डगमगीला रनआउट म्हणतात. डिस्क आउट फिरते आहे, हे काका सुईकडे न बघताच म्हणाले असते, असा त्यांचा चेहरा होता.

उजवी डिस्क काढली. गंजाने हबला घट्ट धरलेली. डिस्कच्या मधल्या भागात आटे असलेली दोन बारीक भोकं असतात, त्यांत ८ चे दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की डिस्क आपोआप सुटून येते. हातोडा लागला नाही.

आणि तिथे उत्तर होतं. हबच्या बैठकीवर गंजाचा पापुद्रा, एका बाजूला जाड, दुसरीकडे जवळजवळ नाही. गेल्या डिसेंबरात ताजी फेसिंग केलेली डिस्क याच पापुद्र्यावर बसवली गेली होती. बैठकीचा व्यास १३० मिलिमीटर, डिस्कचा २४०. बैठकीच्या एका काठाला नुसता ०.०५ चा कचरा असला तर डिस्कच्या काठावर तो ०.०९ होतो. अशी तिरकी बसलेली डिस्क ब्रेक न लावताही दर फेरीत एका जागी पॅडला चाटून जाते. हजारो किलोमीटर तीच जागा चाटली गेली की तिथे पातळ होते. गाडी गॅरेजमधून बाहेर पडली तेव्हाच आजची थरथर तिच्यात बसलेली होती. ती माझ्या पायापर्यंत यायला पाच महिने लागले, इतकंच.

त्या दिवशी वायर ब्रशने पाच मिनिटं घासलं असतं तर हे झालं नसतं. मला याचा राग येतो. सासूबाई त्या गाडीत होत्या.

खात्रीसाठी एक प्रयोग: बैठक वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने घासून पांढरी केली, मग तीच जुनी डिस्क पुन्हा आवळून मोजली. ०.०६. अर्ध्याहून जास्त दोष पापुद्र्याचा होता.

२८ सप्टेंबर, शनिवार

कोल्हापूरला मामांकडे. मामा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत तीस वर्षं मोल्डर (ओतकामाचे साचे करणारे) होते. जुनी डिस्क सोबत नेली होती. त्यांनी ती बोटावर अडकवली, पान्याने टिचकी मारली आणि कान लावला. "बीड आहे. चांगलं आहे."

मी विचारलं, एवढी महत्त्वाची वस्तू बिडाची कशाला, पोलादाची का नाही?

"तुझ्या मामीचा आंबोळ्यांचा तवा कशाचा आहे?"

मग समजावून सांगितलं. या बिडात शेकडा तीनच्या वर कार्बन असतो, आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात विखुरलेला असतो. मोडलं की तुकडा करडा दिसतो तो त्यामुळे. हे पापुद्रे उष्णता झटकन पसरवतात, म्हणून एक जागा तापून लाल होत नाही. शिवाय कंपनं गिळतात. पोलादाला टिचकी मारली तर टण्ण वाजत राहतं, बीड ठक् म्हणून गप्प होतं. पोलादाची थाळी चाकात बसवली तर ब्रेक लावताना गल्लीभर किंचाळेल. बीड ठिसूळ खरं, पण इथे त्याला वाकायचं नाहीच, दोन पॅडच्या चिमट्यात दाबून घ्यायचं आहे, आणि दाब बीड उत्तम सोसतं.

आमची डिस्क आतून पोकळ आहे, दोन थाळ्या आणि मध्ये पंख्यासारख्या पात्या. त्यातून हवा खेळते. ती पोकळी साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्याने, कोअरने, येते. ओतताना कोअर जरा सरकला तर एका बाजूची थाळी जाड, दुसरी पातळ. "लेथवर दोन्ही तोंडं सारखी करून देतात, वरून काही कळत नाही. पण तापली की जाड बाजू वेगळी फुगते, पातळ वेगळी. म्हणून नवी घेताना कडेने बघ. पोकळी मधोमध पाहिजे." हे मला कुठल्याही दुकानदाराने सांगितलं नसतं.

फेसिंग पुन्हा करून घ्यावं का, हेही विचारलं. उजवी १८.५८ वर आहे. प्रत्येक बाजूने ०.२ काढले तरी १८.१८ उरतील, म्हणजे किमान जाडीच्या अगदी जवळ. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते. मामा म्हणाले, "घाटातली गाडी आहे पोरी, बिडात काटकसर करू नकोस."

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. दोन्ही डिस्क (जोडी ३४०० रुपये) आणि पॅड (१६५० रुपये) नवीन. दुकानात चार खोकी उघडून कडा पाहिल्या, एक परत ठेवायला लावली. दुकानदार कुरकुरला, पण मामांचं नाव काढलं तेव्हा त्यालाही कुतूहल वाटलं.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसून काढला, नाहीतर नवी पॅडं पहिल्याच दिवशी तेल पितात.

उजव्या पिना नव्या, रबरी टोप्या नव्या, सिलिकॉनचं ग्रीस. घरातलं साधं ग्रीस इथे चालत नाही, त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. डाव्या पिनाही काढून पुसून तसंच ग्रीस लावलं.

डाव्या हबची बैठक उजवीइतकीच घासली. मग रनआउटची मापं: उजवी नवी डिस्क ०.०५. ती काढून एक स्टड पुढे सरकवून पुन्हा बसवली: ०.०२. हबची लचक आणि डिस्कची लचक एकमेकींना खोडतात अशी जागा शोधायची, एवढंच. डावी पहिल्याच बैठकीत ०.०३. तिथेच थांबले.

पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहू लागते, आधी थोडं काढून घ्यावं. ते ऑइल काळपट चहासारखं झालेलं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरलेलं १४० च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, पेडल तळाला जातं. मिस्त्रींना घरी बोलावून पूर्ण ऑइल बदलून हवा काढून घेतली. डिस्कच्या थरथरीशी याचा संबंध नाही, पण घाटाशी आहे.

चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने ८५ न्यूटन मीटरला. (हा आमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा, प्रत्येक गाडीचा वेगळा.) पंक्चरवाल्याकडची हवेची गन एक नट प्रमाणाबाहेर आवळते, दुसरा कमी, आणि त्या असमान ओढीने हबवर बसलेली डिस्क पुन्हा तिरकी होते. इथून पुढे पंक्चर काढलं की घरी येऊन नट सैल करून परत आवळायचे.

५ ऑक्टोबर, शनिवार

पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावायला हवीत. पहाटे मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, वीस-बावीस वेळा. मध्ये प्रत्येक वेळी अर्धा-एक किलोमीटर वारा लागू दिला. पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो, नंतर पकड त्या थरावरच येते. गरम डिस्क घेऊन थांबून पाय पेडलवर दाबून ठेवला तर पॅडचा छाप त्याच जागी उमटतो. तोही थरथरीचा एक रस्ता आहे. आनेवाडी टोलनाक्याच्या रांगेत हे सहज होतं: जोरात ब्रेक, आणि मग पाय तिथेच. आता मी हँडब्रेक ओढते आणि पाय काढते.

डिस्कवर निळसर छटा नाही, रंग सगळीकडे एकसारखा राखाडी.

१२ ऑक्टोबर, दसरा

गाडीला झेंडूचा हार. मायक्रोमीटर आणि टॉर्क पाना पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. काकांनाही आपट्याचं पान दिलं.

२६ जानेवारी २०२५, रविवार

चार हजार किलोमीटर. दोन्ही चाकं काढली. उजवी २०.००, २०.००, १९.९९, २०.००, आणि पुढचे चारही असेच. डावीतही फरक ०.०१ च्या आत. पिना बोटाने सरकतात.

१५ जून, रविवार

यंदा मेमध्येच पाऊस लागला. एक रात्र गाडी उघड्यावर राहिली की सकाळी डिस्कवर नारिंगी गंज. हा घाबरण्याचा गंज नाही, कोपऱ्यापर्यंत जाताना दोन-तीन ब्रेकमध्ये पुसला जातो. शेजारची एक गाडी मात्र महिनाभर पावसात उभी होती. तिच्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा गंज चिकटलेला आणि खाली खड्डे. त्यांना सांगितलं: आठवड्यातून एकदा वाईत एक चक्कर मारून ब्रेक लावत या, आणि गाडी धुतली तर तशीच उभी करू नका, थोडी चालवून ब्रेकने पाणी उडवा.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपतीला निघण्याआधी तपासणी. १० हजार किलोमीटर पूर्ण. उजवी १९.९४, डावी १९.९३, फेरीतला फरक दोन्हींत ०.०१. रनआउट पुन्हा मोजला, ०.०२ आणि ०.०३, जसाच्या तसा. उजवी पॅडं आत ७.९, बाहेर ८.१.

डावी बघितली आणि थबकले. आत ६.९, बाहेर ८.०. पिना मोकळ्या आहेत. म्हणजे या वेळी पिस्टनच नीट मागे येत नाही. पिस्टनभोवतीचं चौकोनी कापाचं रबरी सील दाबाखाली किंचित पिळलं जातं आणि दाब सुटला की पिस्टनला ओढून मागे आणतं, तेवढंच त्याचं परतणं. नऊ वर्षांचं सील ताठरलं असणार. ६.९ प्रवासाला पुरेसं आहे, पण ते नीट केल्याशिवाय सोडायचं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल परतलो. आंबेनळी जाताना दुसऱ्या गिअरमध्ये, पसरणी येतानाही तशीच. स्टिअरिंग शांत. सासूबाई पाचगणीपासून वाईपर्यंत झोपल्या होत्या.

खाली उतरल्यावर लगेच मोजलं: उजवी १५१, डावी १७३. २२ अंशांचा फरक, आतल्या पॅडने जे सांगितलं तेच. दोन्ही बाजूंसाठी कॅलिपरचं सील किट मागवलं आहे. पिस्टनला गंजाचे खड्डे असतील तर नुसतं सील पुरणार नाही, पिस्टनही लागेल. काका येत्या रविवारी मोकळे आहेत.